रिकाम्या सिलिंडरचा पंचनामा

सरकारी जीप गल्लीत वळली की आपल्याकडचा माणूस आधी वस्तू लपवतो आणि मग का लपवली याचा विचार करतो. सांडूनंही तेच केलं. त्याला दोष द्यायचा तर अख्ख्या मराठवाड्याला द्यावा लागेल, आणि तेवढा वेळ कुणाकडं आहे?

दुसऱ्या लाटेचा एप्रिल चालला होता. शहराच्या दक्षिणेला, देवळाईकडं, जिथं कालपरवापर्यंत ज्वारी उभी असायची तिथं आता सहा-सहा मजली इमारती झाल्या होत्या. इमारतींना नळ नव्हता, म्हणून सांडू टँकरनं पाणी टाकायचा. त्याच इमारतींच्या मागं दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको सत्यभामा राहत होते. एकुलती लेक जालन्याला दिलेली, ती लॉकडाऊनमुळं तिकडंच अडकली होती. सत्यभामेनं ऐन उमेदीची वर्षं खडी केंद्रावर काढली होती. शहर वाढत होतं, त्याला खडी लागत होती, आणि खडीची धूळ सत्यभामेच्या छातीत बसत होती. आता तिची फुप्फुसं आकसली होती. करोना तिला शिवलाही नव्हता, पण नाकाला नळी असल्याशिवाय तिला दोन वाक्यं सलग बोलता येत नव्हती. त्यासाठी घरात ऑक्सिजनचा एक मोठा सिलिंडर होता, छातीएवढ्या उंचीचा. एकच होता. तो रिकामा झाला की सांडू टँकरच्या केबिनमध्ये टाकून भरून आणायचा, तेवढा तासभर ती कशीबशी काढायची. तो घरात आहे तोवर बायको आहे, इतकं त्याला पक्कं ठाऊक होतं.

सरकार सिलिंडर नेतंय ही बातमी सकाळपासून गल्लीत फिरत होती. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याचे नेले, ग्रीलवाल्याचे नेले. हुकूम कुणाचा, त्यात लिहिलंय काय, हे विचारायच्या फंदात कुणी पडलं नाही. जीपचा आवाज ऐकताच सांडूनं सिलिंडरचा नॉब बंद केला, बायकोच्या नाकाची नळी काढली, सिलिंडरवरचं मीटर आणि त्याला लावलेली पाण्याची बाटली सोडवून गव्हाच्या डब्यात कोंबली.

"हे काय चालवलंय तुमी?" सत्यभामा म्हणाली. ती खाटेवर बसून लसूण सोलत होती.

"मागच्या खोलीत जा. दहा मिनटं गप पड. खोकू नको."

"खोकला काय मला इचारून येतो व्हय?"

"भामे, ऐक माझं. जा."

ती भिंत धरत धरत आत गेली. सांडूनं सिलिंडर बुडावर फिरवत फिरवत अंगणात नेला, जुन्या पायपांच्या बाजूला आडवा केला आणि वरून टँकरची फाटकी ताडपत्री ओढली.

आता हे शहाणपण त्याला कुठून आलं, तेही सांगितलं पाहिजे. सांडूच्या बापाला गायरानातली जमीन मिळाली होती, आणि त्या जमिनीत सरकारनंच विहीर पाडून दिली होती. जीवनधारा असं त्या योजनेचं नाव. पहिल्या मोठ्या दुष्काळात तहसीलचे लोक आले, विचारलं, पाणी आहे का? सांडू खरं बोलला. म्हणाला, आहे, पुरुष-दीड पुरुष खोल आहे. झालं! विहीर अधिग्रहित झाली. टँकरवर टँकर भरून गेले, विहिरीचा तळ दिसला, आणि सत्यभामा स्वतःच्या विहिरीला ओलांडून दुसऱ्याच्या बोअरवर हंडा घेऊन जाऊ लागली. तीन वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला, पुन्हा जीप आली. त्या वेळी सांडूनं मोटर वर ओढून ठेवली, कडेला गाळ टाकला आणि सांगितलं, कोरडी हाय साहेब, बेडकं मेली आतली. जीप निघून गेली, पाणी राहिलं. पुढं जमिनीचे प्लॉट पडले, विहीर बुजवली गेली. पण सरकारशी कसं बोलायचं ते सांडू शिकला तो शिकलाच.

जीपमधून नायब तहसीलदार करुणा दाभाडे उतरल्या. तिशी-पस्तिशीच्या असतील. तोंडावर दोन मास्क, डोळे जागरणानं लाल. सोबत तलाठी आणि कोतवाल. कोतवालानं अंगणात पाऊल टाकलं आणि पहिल्या झटक्यात ताडपत्रीच उचलली.

"हे काय, मामा?" करुणाबाईंनी विचारलं.

"रिकामा हाय, म्याडम. लई दिसाचा पडून हाय. भंगारात द्यायचा."

"घरात पेशंट आहे?"

"नाय. पेशंट कुठला."

आत सत्यभामा खोकली. दाबून, तोंडात पदर कोंबून खोकली, पण भिंत एका विटेची. करुणाबाईंनी दाराकडं पाहिलं. मग हातातल्या फोनकडं पाहिलं, तो सारखा थरथरत होता. तलाठी पंचनामा लिहीत होता. सांडूनं त्याला स्वतःहून मजकूर सांगितला. लिहा, रिकामा, कुणाच्या वापरात नाय. वर झोकात सही केली. त्याच्या जिवात जीव आला होता. आता जीप जाणार, असं त्याला वाटत होतं.

"घ्या उचलून," करुणाबाई कोतवालाला म्हणाल्या.

"अवो, रिकामा हाय म्हणलो की!"

"रिकामेच पाहिजेत, मामा. ऑक्सिजन येतोय, भरायला सिलिंडर नाहीत. पेशंटला लावलेला असता तर आम्ही हातसुद्धा लावला नसता. हुकमातच आहे तसं. रुग्णाच्या वापरातले सोडून."

सांडू जीपच्या आडवा झाला. भरलेला आहे म्हणाला, परवाच भरलाय म्हणाला, बायकोचा आहे म्हणाला, गव्हाच्या डब्यातून मीटर काढून आणलं, मूठभर गव्हासकट. तलाठी म्हणाला, "म्याडम, सही करून झाल्यावर प्रत्येक घरात पेशंट निघतो." तेवढ्यात सत्यभामा दारात आली. ओठ निळसर, एक हात चौकटीला. तिला काही बोलायचं होतं, पण श्वास शब्दांपर्यंत पोचत नव्हता.

करुणाबाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि त्या जागच्या हलल्या नाहीत. फोन पुन्हा वाजला. पलीकडून दवाखान्यातला माणूस ओरडत होता, तो सांडूलाही ऐकू आला. वॉर्डात लोक वाट बघतायत, गाडी कुठवर आली? करुणाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "मामींना गाडीत घ्या. मी वॉर्डात सोय करते."

"करोनाच्या वॉर्डात? मरायला न्यायची का तिला?"

"मग वर अर्ज करा. आजच करा. मी आडवी येणार नाही." आणि जीप गेली.

गल्लीतल्या बुद्धविहारातली मंडळी धावली. कुणाच्या तरी ओळखीनं हवेतून ऑक्सिजन काढणारं एक मशीन मिळालं. ते विजेवर चालायचं आणि सत्यभामेला लागायचा त्याच्या निम्माच ऑक्सिजन द्यायचं. डॉक्टर फोनवर म्हणाले, एखादा दिवस निभेल, त्यावर भरवसा ठेवू नका. सत्यभामा भिंतीला टेकून बसली. आडवं झालं की जीव घुसमटायचा. सांडू तिच्यासमोर उभा राहायचा आणि तसाच बाहेर जायचा.

तिनं एकदाच विचारलं, "नळी नाकाला ठेवली असती तर नेला नसता ना?"

"नसता नेला," सांडू म्हणाला.

पुढच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर शैलाताई राहायच्या. हायकोर्टात वकिली करायच्या. सांडू तिथं टँकर टाकायचा, तेवढीच ओळख. बाईंनी दारातच खुर्ची टाकली, स्वतः आतल्या उंबऱ्याशी बसल्या आणि सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही अरेरे म्हणाल्या नाहीत.

"सांडूभाऊ, आपत्ती असली की सरकारला वस्तू घेता येते. विहीर घेता येते, गाडी घेता येते, सिलिंडरही घेता येतो. त्यात भांडायला जागा नाही. पण रुग्णाच्या तोंडचा घेता येत नाही. तुमचा रुग्णाचाच होता. मग अडलं कुठं?"

"सहीवर."

"सहीवर. तो रुग्णाचा नाही, हे सरकारनं नाही म्हटलेलं. तुम्ही म्हटलंय."

सांडू जरा पुढं सरकला. "ताई, असं लिहू की, बाईनं दमदाटी करून सही घेतली. गल्ली साक्ष देईल."

"घेतली होती का दमदाटी करून?"

सांडू पुन्हा मागं सरकला.

"मग नाही लिहायचं," शैलाताई म्हणाल्या. "एका खोट्यानं इथवर आणलंय, आता त्याच्या डोक्यावर दुसरं चढवू नका. आपण खरं लिहू. मी भिऊन खोटं बोललो, नळी मीच काढली, मीटर मीच लपवलं. पण हेही ऐकून ठेवा, सरकारी अधिकाऱ्याला खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. हा अर्ज म्हणजे तुमची कबुली होईल. उद्या कुणी केस करायची म्हटली तर मला ते थांबवता येणार नाही."

"लिहा."

"विचार करा."

"लई इचार करून तर सिलिंडर घालवला, ताई. लिहा तुमी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइलवर सुनावणी झाली. पडद्यावर अपर जिल्हाधिकारी साहेब, एका चौकटीत करुणाबाई, एका चौकटीत शैलाताई, आणि त्यांच्या मागं पायरीवर सांडू. साहेबांनी पंचनामा वाचला. म्हणाले, हा माणूस काल म्हणाला रिकामा, आज म्हणतो भरलेला. उद्या सगळेच असं म्हणतील. आम्ही कुणाचं खरं धरायचं? प्रश्न काही चुकीचा नव्हता. शैलाताईंनी उत्तर दिलं की, नवरा काय बोलला यावर बायकोचा श्वास ठरत नाही. हुकमानं संरक्षण रुग्णाला दिलंय, घरमालकाला नाही, आणि रुग्णाला तर कुणी काही विचारलंच नाही. त्यांनी सत्यभामेचे एक्स-रे, डॉक्टरांची चिठ्ठी सगळं पुढं केलं.

साहेबांनी करुणाबाईंना विचारलं, "घरात रुग्ण आहे हे तुमच्या लक्षात आलं होतं का?"

त्यांना नाही म्हणता आलं असतं. कागद त्यांच्या बाजूनं होता, सहीही होती.

"आतून खोकला ऐकू आला होता, सर. मी आत जाऊन पाहायला हवं होतं. नाही पाहिलं. मला सिलिंडर हवा होता."

सांडूनं मान वर केली. कालपासून त्या बाईला तो मनातल्या मनात शिव्या देत होता. आता शिवी कुणाला द्यावी ते त्याला समजेना.

तासाभरात हुकूम हातात आला. सिलिंडर अर्जदाराच्या पत्नीस तात्काळ परत करावा, अथवा तसाच दुसरा द्यावा. खोट्या माहितीबद्दल समज देण्यात येते, गुन्हा नाही. शैलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. करुणाबाईंचा फोन आला. "मामा, दुसरा सिलिंडर मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून मिळवतेय, पण तो उद्या सकाळी सुटेल. तुमचा दवाखान्यात आहे. तुम्हाला थांबणं होत नसेल तर हुकूम घेऊन जा, मी तिथं सांगते."

थांबणं होत नव्हतं. सत्यभामेचा श्वास आता खांद्यातून चालला होता. सांडू रिकामा टँकर घेऊनच निघाला. क्रांती चौकात पोलिसानं अडवलं, कागद पाहिला आणि सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागद त्याच्या बाजूनं बोलत होता.

वॉर्डात सिस्टरनं हुकूम दोनदा वाचला. "तुमचाच आहे तो. रिकामा म्हणून आणला आणि भरलेला निघाला, लगेच लावला. आठ नंबरला," ती म्हणाली. "आमच्याकडं बदली द्यायला नाही. मी माझ्या हातानं काढणार नाही. डॉक्टरांना विचारून येते." आणि ती गेली.

आठ नंबरच्या खाटेवर एक बाई होती. मास्कमुळं चेहरा दिसत नव्हता. केस विस्कटलेले, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, त्यांतली एक तडकलेली. शेजारी तिचा नवरा उभा होता. धोतर, पायात टायरच्या चपला, गावाकडून तसाच उठून आलेला. त्यानं सिस्टरचं बोलणं ऐकलं होतं. तो दोन पावलं सरकला आणि सिलिंडरच्या पुढं उभा राहिला.

"रिकामा हाय तो, दादा," तो म्हणाला. "कवाचा संपलाय. काय कामाचा नाय. दुसरा बघा."

सांडूनं त्याच्याकडं पाहिलं. माणूस त्याच्याच वयाचा होता. सिलिंडरला लावलेल्या बाटलीत बुडबुडे उठत होते, एकामागं एक, सत्यभामेच्या बाटलीत उठायचे तसेच. नवऱ्यालाही ते दिसत होते, आणि सांडूला दिसतायत हेही त्याला कळत होतं. तरी त्यानं नजर हटवली नाही. सांडूला त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण तो राग येईना. त्या माणसाचं नाव-गाव माहीत नव्हतं, बाकी सगळं माहीत होतं.

कागद सांडूच्या हातात होता. कागदावर त्याचं काही चुकत नव्हतं. पण शैलाताईंनी काल समजावलेलं वाक्य डोक्यातून जात नव्हतं, की रुग्णाच्या तोंडचा घेता येत नाही. आज तो या बाईच्या तोंडचा होता. दोन बाया, एक नळी, आणि कायदा दोघींच्याही बाजूचा! हे कुठल्या साहेबाला सांगायचं?

सिस्टर डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टर थकल्या आवाजात म्हणाले, "ऑर्डर आहे, मी नाही म्हणू शकत नाही. बोला, काढायचा?"

बाईच्या नवऱ्यानं एक हात मागं नेऊन सिलिंडरवर ठेवला.

"उद्या दुसरा मिळणार हाय मला," सांडू डॉक्टरांना म्हणाला. "राहू द्या."

टँकरमध्ये बसल्यावर तो रडला. स्टिअरिंगवर डोकं टेकवून, मोठ्यानं. बायकोचा श्वास आपण परक्या माणसाला देऊन आलो, हे त्याला चांगलंच कळत होतं. त्यात त्याला कसलंच मोठेपण वाटत नव्हतं, भीती वाटत होती. घरी जाऊन काय तोंड दाखवायचं?

सत्यभामा दाराकडंच बघत होती. तिनं त्याचे हात पाहिले, त्याच्या मागं पाहिलं.

"न्हाई मिळाला?"

"मिळाला होता. एका बाईला लावलेला हाय. काढवेना."

मशीन घरघरत होतं.

"माझा... काढवला," ती म्हणाली.

सांडू खाली बसला, तिच्या पायाशी. एवढं खरं त्याला आजवर कुणी सुनावलं नव्हतं. त्याला वाटलं, तिनं मारावं, शिव्या द्याव्या. पण शिव्यांनाही श्वास लागतो. तिनं डोळे मिटले आणि तशीच बसून राहिली. दिवेलागणीला त्यानं तिला चमच्यानं भाताची पेज दिली, ती तिनं घेतली.

"कोण होती?" मधेच तिनं विचारलं.

"काय की. गावाकडची दिसत होती."

"नाव?"

"नाय इचारलं."

सत्यभामेच्या कपाळाला आठी पडली. तीस वर्षांच्या संसारात ती आठी सांडूला पाठ होती. "इचारावं माणसानं," ती म्हणाली. थांबली, श्वास गोळा केला. "माझं घेऊन... जगायलीय. नाव तरी... कळू द्या मला."

"उद्या इचारतो."

"पोरं किती... तेबी."

"तेबी इचारतो. तू बोलू नको."

सकाळी उजाडताच करुणाबाईंचा फोन आला. सिलिंडर सुटला होता, दवाखान्यात भरून तयार ठेवला होता. सांडूनं शेजारच्या कडूबाईला सत्यभामेजवळ बसवलं. निघताना सत्यभामेनं डोळे उघडले. तिला काही सांगायचं असावं, पण तिनं नुसती मान हलवली, जा म्हणून.

करुणाबाई स्वतः फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी आणि कोतवालानं मिळून सिलिंडर केबिनमध्ये चढवला. सही घेतली नाही. "जा मामा, लवकर जा," म्हणाल्या. सांडू म्हणाला, एक मिनिट थांबा, आणि धावत वॉर्डाकडं गेला. आठ नंबरचा नवरा व्हरांड्यात पाण्याची बाटली भरत होता. सांडूला पाहून त्याच्या हातातली बाटली तशीच राहिली.

"मागाया नाय आलो," सांडू म्हणाला. "नाव काय तुमच्या मंडळीचं? पोरं किती? घरी इचारलंय."

त्या माणसाला आधी काही उमजेना. मग त्यानं सांगितलं, आणि सांगता सांगता त्याचा आवाज फुटला.

सांडूनं टँकर असा हाकला की वाटेतली एकही स्पीडब्रेकरची पाटी त्याला दिसली नाही. गल्लीत वळला तेव्हा दारासमोर बायका उभ्या होत्या. कुणी रडत नव्हतं, सगळ्या नुसत्या उभ्या होत्या, म्हणून त्याला वाटलं की अजून वेळ आहे. त्यानं खांद्यावर सिलिंडर घेतला, एकट्यानं, आणि आत आला.

वीज गेली नव्हती. मशीन चालूच होतं. कडूबाई म्हणाली, "आत्ताच, भाऊ. काय तरास नाय झाला. तुमच्या टँकरचा आवाज येतो का म्हणून कान देऊन होती."

सांडूनं सिलिंडर भिंतीला टेकवला. मशीनचं बटण बंद केलं. घरात एवढी सामसूम कितीतरी महिन्यांनी झाली होती. बायका आत येऊ लागल्या, त्यानं हातानंच त्यांना थोपवलं. तो सत्यभामेजवळ बसला, तिच्या नाकाची नळी काढली, आणि तिथं नळीनं वळ उमटला होता त्यावरून बोट फिरवलं.

"अप्सरा नाव हाय तिचं," तो म्हणाला. "कन्नड तालुक्यातली. दोन पोरी हायेत, मोठी नववीला."